गावात एसटी येते म्हणजे नेमकं काय? लोकसंख्येचा आकडा, वाडीचा रस्ता आणि दुपारची गाडी

जनगणनेच्या कागदात आमच्या गावापुढे लिहिलंय, सार्वजनिक बस सेवा: आहे. खोटं नाहीये ते. एसटी येते, ग्रामपंचायतीसमोर वळते आणि परत जाते. पण आमची काकी राहते ती वाडी तिथून साडेतीन किलोमीटर वर, मधे एक पऱ्या म्हणजे ओढा, त्यावर साकव म्हणजे छोटा पूल, मग घाटी, आणि काकीचं वय आता ६८. तालुक्याला बीपीच्या गोळ्या आणायला जायचं तर ती सकाळी पावणेसहाला घर सोडते आणि दुपारची गाडी चुकली की घरी पोचायला संध्याकाळचे सात वाजतात. नंबर लागला की गोळ्या मिळायला दहा मिनिटं लागतात फक्त.

कागदावरचं ते "आहे" आणि काकीचे तेरा तास ह्याच्या मधे काय काय दडलंय ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग एकेक कागद वाचत, आगारात विचारत, पंचायत समितीत बसून थोडं थोडं समजत गेलं, ते इथे सोपं करून लिहितोय. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, म्हणून उदाहरणं कोकणातली जास्त येतील, पण नियम राज्यभर जवळपास तेच आहेत.

सुरुवात "गाव" ह्या शब्दापासूनच करायला लागते. आपण बोलताना म्हणतो ते गाव आणि सरकारी यादीतलं गाव वेगळं. यादीतलं गाव म्हणजे महसुली गाव, ज्याची हद्द मोजणीत ठरलीय, ज्याचं सातबाऱ्याचं दप्तर वेगळं आहे, ज्याला स्वतःचा कोड आहे. त्या हद्दीत एक वस्ती असो नाहीतर बारा वाड्या असोत, जनगणनेच्या यादीत ओळ एकच. २०११ ला महाराष्ट्रात अशी ४३ हजार ६६५ गावं होती. त्यातल्या अडीच हजारांहून जास्त गावांत तर कोणीच राहत नव्हतं, महसुलात त्यांना बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव (हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पोटात कालवलं होतं). राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख, म्हणजे भागाकार केला तर राहत्या गावामागे सरासरी दीड हजार माणसं.

आता देशावर दीड हजाराचं गाव म्हणजे काय असतं, तर गावठाणात घराला घर लागून, मधे पार, मारुतीचं देऊळ, आणि एसटी पाराजवळ थांबली की मळ्यातली वस्ती सोडून बाकी सगळ्यांना ती पाच-दहा मिनिटांवर. कोकणात तसं नसतं. इथे दीड हजार माणसं आठ-नऊ वाड्यांत विखुरलेली, कुठली नदीच्या कडेला, कुठली सड्यावर, आणि धनगरवाडी बहुतेक गावांत सगळ्यात वर डोंगराच्या कुशीत. पालघर-नंदुरबारला पाडे, मराठवाड्यात तांडे, विदर्भात टोले, सगळीकडे हीच गत. एसटी एका वाडीत आली की सगळ्या गावापुढे "आहे" अशी खूण पडते. काकीची वाडी त्या खुणेच्या आत गडप होते. म्हणून कुठल्याही गावाचा आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही माणसं एका जागी राहतात का नऊ जागी, आणि गाडी त्यातल्या कुठल्या जागी येते.

आता माणसं मोजतात कधी ते बघा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान झाली आणि १ मार्च ही संदर्भाची तारीख धरली. नियम साधारण असा की त्या दिवसांत माणूस आपल्या राहत्या घरी असेल तर तिथे मोजायचा, आणि सगळाच काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. आता फेब्रुवारीत आपापल्या गावात कोण असतं ते आठवा. बीडकडच्या कित्येक गावांतली ऊसतोडीची जोडपी तेव्हा कारखान्याच्या फडावर कोप्यांत असतात, दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन गेलेली माणसं मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली पोरं. कोकणात उलटं चित्र, चाकरमानी मुंबईत, आणि गाव भरतो तो गणपतीत नाहीतर मे महिन्यात. गणपतीत आमच्या वाडीत अंगणात पाय ठेवायला जागा नसते, फेब्रुवारीत त्याच वाडीत सहा घरांना कुलूप. एसटी दर गणपतीला मुंबई-ठाण्यातून कोकणात हजारो जादा गाड्या सोडते, म्हणजे गाव "भरलेला" असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण वर्षभराचा हिशोब बसतो तो फेब्रुवारीच्या आकड्यावर. मी काही म्हणत नाही की फेब्रुवारीचा आकडा चुकीचा आहे, कुठली तरी एक तारीख धरावीच लागते. पण तो आकडा म्हणजे गावाचा एका दिवशी काढलेला फोटो आहे एवढं लक्षात ठेवून वाचावा.

आमच्या जिल्ह्याचा फोटो तर फारच बोलका आहे. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत ८० हजारांहून जास्त माणसं कमी झाली, आणि शेजारच्या सिंधुदुर्गातही घट झाली, तेव्हा राज्याची लोकसंख्या मात्र वाढून ११ कोटी २४ लाखांवर गेली होती. राज्यात चौरस किलोमीटरला ३६५ माणसं, रत्नागिरीत १९७. आणि ह्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा म्हणजे राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका, आणि रत्नागिरीत हजारामागे ११२२. मुलीच जास्त जन्माला आल्या असं नव्हे, पुरुष मुंबई-पुण्याला गेले म्हणून. म्हणजे गावात राहिलेलं माणूस सरासरीने बाई आहे, वयस्कर आहे, नाहीतर शाळकरी आहे. गाडी कोणासाठी लागते ह्याचं उत्तर ह्या एका आकड्यात आहे.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही, ती पुढे ढकलत ढकलत आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलीय. म्हणजे दोन मोजण्यांमधे सोळा वर्षं. २०११ ला जी पोरगी पहिलीत होती तिचं शिक्षण संपून लग्न होऊन तिचं पोर अंगणवाडीत जायचं, आणि कागदात ती अजून पहिलीतच.

आता अंतराकडे येऊ. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय सोयींचा तक्ता असतो. त्यात शाळा, दवाखाना, बँक, पोस्ट, बस, रिक्षा, टॅक्सी, रेल्वे स्टेशन, पक्का रस्ता, कच्चा रस्ता, पायवाट, अगदी बैलगाडी आणि होडीसुद्धा विचारलेली असते, आणि खरंच तो तक्ता फार कष्टाने केलेला आहे. सोय गावात असेल तर "आहे". नसेल तर जवळात जवळ किती लांब आहे ते तीन गटांत लिहितात, ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या वर. एवढंच. मधलं काही नाही. १० च्या वर म्हणजे ११ असू शकतं आणि ६० पण असू शकतं. ५ च्या आत म्हणजे सपाटीवर सायकलने वीस मिनिटं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात घाटी उतरून पऱ्या ओलांडून दीड तास. भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की पलीकडचं सगळं तुटतं, त्या दिवसांत किलोमीटर काय सांगणार? अंतर हे वेळेत मोजायला पाहिजे, आणि ती वेळ पण दोन ऋतूंत दोनदा मोजायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेल्वेचंही तेच. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, डोंगर पोखरून केलेलं मोठं काम आहे ते, आम्हाला अभिमान आहे. पण रूळ गावाच्या शिवारातून गेला म्हणून स्टेशन गावात येत नाही. आमच्या जवळचं स्टेशन तक्त्यात "१० च्या वर", आणि गाडी उतरवते ती पहाटे, तेव्हा तिथून गावाकडे यायला एसटी नसते, रिक्षावाला रात्रीचं भाडं सांगतो.

आता रस्ता कसा मिळतो ते. इथे लोकसंख्येचा आकडा दारावरच उभा असतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचा मूळ नियम असा की जी वस्ती बारमाही रस्त्याने जोडलेली नाही आणि जिथे ५०० किंवा जास्त माणसं आहेत तिला रस्ता द्यायचा, आदिवासी क्षेत्रात, डोंगरी राज्यांत आणि वाळवंटी भागात ही अट २५० वर आणली. चांगली गोष्ट ही की योजनेने "गाव" न धरता "वस्ती" धरली, म्हणजे वाडी, पाडा, तांडा हे पण मोजले गेले, आणि जवळजवळच्या वस्त्या (सपाटीवर ५०० मीटरच्या आतल्या) एकत्र मोजायची मुभाही ठेवली. आणि बारमाही म्हणजे डांबरी असा अर्थ नाही, बरेच जण तिथे फसतात. बारमाही म्हणजे वर्षभर वाहन जाईल असा, म्हणजे त्यावर मोऱ्या, पूल असायला पाहिजेत. डांबर छान आहे पण पऱ्यावर मोरी नाही, तर तो रस्ता आठमाहीच.

आता गोची कुठे होते बघा. रत्नागिरी जिल्हा कागदावर डोंगरी राज्यात येत नाही (डोंगर कितीही असले तरी), आदिवासी अनुसूचित क्षेत्रातही येत नाही, म्हणून इथे ५०० चीच अट. आमच्या गावातल्या नऊ वाड्यांपैकी ५०० ला कुठलीच पोचत नाही, धनगरवाडी तर नव्वदच्या आसपास, आणि तिच्या ५०० मीटरच्या आत दुसरी वाडी नाही, आहे ते जंगल. २०२४ च्या सप्टेंबरमधे केंद्राने ह्या योजनेचा चौथा टप्पा मंजूर केला, देशभरात २५ हजार वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते, आणि त्यात लोकसंख्या २००१ ऐवजी २०११ ची धरायची ठरली. जिथे माणसं वाढली तिथे ह्याने फायदा. जिथे दहा वर्षांत माणसं कमी झाली तिथल्या काठावरच्या वाड्या खाली घसरतात, ५१० ची ४८० झाली की संपलं. राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून आहे, तिच्यातून आमच्याकडे काही कामं झाली हे मान्य करायलाच पाहिजे, पण लहान वाडी रांगेत शेवटी राहते हे काही बदललं नाही.

रस्त्याची मालकी पण समजून घ्या, कारण अर्ज कुठे करायचा ते त्यावर ठरतं आणि चुकीच्या ऑफिसात चकरा मारण्यात लोकांची वर्षं जातात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (बोर्डावर प्रजिमा असं लिहिलेलं असतं) हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा आणि ग्राममार्ग हे जिल्हा परिषदेकडे. रस्ते विकास आराखड्यात ज्या रस्त्याला नंबर आहे त्यालाच सहसा निधीचं तोंड दिसतं, नंबर नसलेली पाखाडी किंवा बैलगाडीची वाट शंभर वर्षांची का असेना, कागदात ती नाहीच. १९४३ ला नागपूरला इंजिनियर लोकांची मोठी बैठक झाली होती, तिथे देशाच्या रस्त्यांची ही वर्गवारी ठरली आणि चांगल्या शेतीच्या भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं असं ध्येय ठेवलं गेलं. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर. आज जगात ग्रामीण भागासाठी जे मोजमाप वापरतात त्यात बारमाही रस्ता २ किलोमीटरच्या आत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं चालून, असावा असं धरतात. ८ वरून २ वर आलो ही प्रगतीच आहे, फक्त ते २ किलोमीटर सपाटीचे आहेत हे विसरू नये.

रस्ता झाला, आता गाडी. हा भाग मला जास्त सांगायचाय, कारण लोकांचा समज असा की रस्ता झाला की एसटी आपोआप येते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, आणि नंतरच्या काळात "गाव तिथे एसटी" हे खरं करून दाखवायला ह्या लोकांनी जे केलंय ते बाकी कुठल्या खात्याने केलेलं मी तरी बघितलं नाही. गडचिरोलीत अहेरी ते गर्देवाडा एसटी १ जानेवारी २०२५ ला सुरू झाली, त्या भागातल्या लोकांनी स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा आपल्याकडे एसटी बघितली. म्हणजे काम अजून चालूच आहे. पण नवीन फेरी सुरू करताना आगाराला बरंच बघावं लागतं. रस्त्याची रुंदी किती, चढावर वळण कसलं आहे, मोरीवर मोठी गाडी जाईल का, झाडाच्या फांद्या आडव्या येतात का, आणि शेवटच्या टोकाला गाडी वळवायला जागा आहे का. ही शेवटची गोष्ट फार गावांना माहीत नसते! आमच्या शेजारच्या वाडीला रस्ता झाला, डांबर पडलं, पण टोकाला गाडी फिरवायला दोन गुंठे जागा कोणी देईना, तीन वर्षं एसटी खालच्या तिठ्यावरूनच परत जायची. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने आपल्या कलमांच्या बागेचा कोपरा दिला तेव्हा गाडी वर आली.

आणि फेरी सुरू झाली की ती टिकते भारमानावर. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या. आता एक हिशोब करून बघू, आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. समजा गाडी ४४ सीटची. रात्री गावात मुक्कामाला असते, सकाळी साडेसहाला निघते त्यात ५० जण, शाळा-कॉलेजची पोरं, बाजारकरी, दवाखान्याचे. दुपारी बारा वाजता तालुक्याहून गावाकडे येते त्यात ८. पाऊण वाजता परत जाते त्यात ६. संध्याकाळी सहाला येते ती भरून, ४४. चार खेपा, १७६ जागा, बसले १०८, म्हणजे भारमान ६१ टक्के. वाईट नाही. पण दुपारच्या दोनच खेपा वेगळ्या काढल्या तर ८८ जागांत १४ माणसं, १६ टक्के. डिझेल, ड्रायव्हर, कंडक्टर ह्यांचा खर्च तेवढाच. मग गाड्या कमी पडल्या की पहिली कुऱ्हाड कुठे पडणार ते कळतंच. आणि गाड्या खरंच कमी पडल्यात, कोविडच्या आधी एसटीकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या १५-१६ हजारांवर आल्या.

आता समजा ही दुपारची फेरी बंद झाली. वाचले काय, तर १६ टक्के भरणाऱ्या दोन खेपा. पण सकाळच्या त्या ५० जणांत दहा जण असे होते जे सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने परत यायच्या भरवशावरच जात होते. म्हातारी माणसं, लहान पोर घरी ठेवून गेलेली बाई, दुपारी शाळा सुटणारी पोरं. ते आता सकाळीही जात नाहीत, किंवा रिक्षाने जातात, किंवा पोराला तालुक्यात खोली घेऊन ठेवतात. सकाळची गाडी ५० वरून ४० वर आली. दोन वर्षांनी तीही "कमी भारमान". गाडीचं जाणं-येणं हे एका माळेसारखं असतं, एक मणी काढला की बाकीचे आपसूक गळतात. कमी भरणारी दुपारची गाडी ही सकाळची गाडी भरायचं काम करत असते, हे कागदावर कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

२०२१ च्या शेवटी सुरू झालेला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप आठवतो ना? त्याच्या मागण्यांवर मी इथे बोलत नाही, चालक-वाहकांचे पगार किती कमी होते हे सगळ्यांनी पाहिलंय. पण त्या पाच-सहा महिन्यांत गावोगावच्या लोकांनी दुसरी सोय शोधली, आणि काही जण परत एसटीकडे वळलेच नाहीत. दुसरी सोय म्हणजे सातारा-कोल्हापूरकडचं वडाप, विदर्भ-मराठवाड्यातली काळी-पिवळी, आमच्याकडची सहा सीटर. ह्या गाड्या नसत्या तर अर्धा ग्रामीण महाराष्ट्र घरी बसला असता हे खरं आहे. पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत, अंधार पडल्यावर येत नाहीत, पोरांचा पास चालत नाही, आणि सगळ्यात शेवटच्या वाडीला तर त्याही जात नाहीत कारण भाडं परवडत नाही.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास. मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या त्याही खूप उपयोगाच्या. मघाशी सांगितलं ना, गावात राहिलेलं माणूस म्हणजे बाई, वयस्कर आणि शाळकरी. म्हणजे सवलती अगदी बरोबर माणसांना दिल्यात. पण सवलत चालते फक्त एसटीत, आणि एसटीच दारात येत नसेल तर काकीला अर्ध्या तिकिटाचा उपयोग तिठ्यावरून पुढे. आणि मोटारसायकलीचं म्हणाल तर, २०११ ला देशात शंभरातल्या २१ घरांत दुचाकी होती, आता नक्कीच जास्त असणार, आमच्या वाडीत चार आहेत. पण मोजणी घराची होते, माणसाची नाही. घरात गाडी आहे, आणि ती पोरगा सकाळी कामाला घेऊन गेला, की दिवसभर घरातल्या बाकी चौघांसाठी ती नाहीच.

आता सगळं एकत्र जुळवून बघा, मला जे सांगायचंय ते इथे आहे. दवाखाना लोकसंख्येवर मिळतो, प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार माणसांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे, उपकेंद्र ५ हजार आणि ३ हजार. जिथे वस्ती विरळ तिथे २० हजार माणसं जमवायला कितीतरी मोठा मुलूख लागतो, म्हणजे केंद्र लांब. शाळा पटावर टिकते, पट उतरला की मुलांना शेजारच्या शाळेत पाठवायची भाषा सुरू होते, म्हणजे शाळा लांब. बँक, बाजार, रेशन, तेच. म्हणजे जिथे माणसं कमी, तिथे प्रत्येक गोष्ट लांब, आणि तिथल्या माणसाला गाडीची गरज शहराजवळच्या माणसापेक्षा जास्त. आणि गाडी कशावर मिळते? माणसं किती त्यावरच. शाळा लांब गेली तेव्हा कारण सांगितलं लोकसंख्या कमी, आणि त्या लांबच्या शाळेला जायला गाडी मागितली तेव्हाही कारण लोकसंख्या कमी. एकाच आकड्याने त्या पोराला दोनदा मागे ठेवलं. मग घरचे त्याला घेऊन तालुक्याला खोली करतात, वाडीची लोकसंख्या आणखी चारने कमी होते, आणि पुढच्या जनगणनेत तेच चार कमी झालेले आकड्यात येतात.

म्हणून मला वाटतं डोकी मोजायच्या बरोबरीने "लांबी" पण मोजली पाहिजे. शाळा बंद करताना लिहा की आता ह्या वाडीतल्या अमुक पोरांना इतके किलोमीटर लांब जायचंय, म्हणून इतक्या वाजताची गाडी ही त्या निर्णयाचाच भाग आहे. आणि गावाला बस आहे का असं न विचारता असं विचारा, की ह्या वाडीतलं माणूस सकाळी निघून दवाखान्यात, तहसीलला किंवा बाजारात आपलं काम करून जेवायच्या वेळेला घरी परत येऊ शकतं का. हो की नाही. आमच्या गावात नऊ वाड्यांपैकी चार वाड्यांचं उत्तर हो, पाच वाड्यांचं नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. गेल्या मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना आम्ही एक वही केली. प्रत्येक वाडीला एक पान. घरं किती, फेब्रुवारीत चूल पेटते अशी किती, गणपतीत किती, शाळकरी पोरं किती, साठीच्या वरची किती, थांब्यापर्यंत उन्हाळ्यात चालत किती मिनिटं आणि पावसाळ्यात किती, गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि वळायला जागा कुठे. कॉलेजच्या दोन पोरींनी मोबाईलचं घड्याळ लावून प्रत्येक वाडीची वाट स्वतः चालून मोजली, पावसाळ्याची वेळ मोजायला जुलैत परत आल्या, एकीच्या पायाला चार जळवा लागलेल्या. खर्च एक वही आणि वडापाव.

त्या वहीतून एक गोष्ट अशी निघाली जी आम्हाला कोणालाच आधी सुचली नव्हती. दुपारची गाडी तालुक्याहून साडेअकराला सुटते आणि दवाखान्याची ओपीडी चालते साडेबारापर्यंत. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत बारा वाजतात. म्हणजे दुपारच्या गाडीत माणसं इतकी कमी का असतात, तर ज्यांना तिची गरज आहे ते तेव्हा रांगेत उभे असतात! गाडी रिकामी जाते ती माणसं नाहीत म्हणून नाही, वेळ जुळत नाही म्हणून. ग्रामसभेत ठराव घेतला तो जादा गाडीचा नाही घेतला, आहे तीच गाडी साडेअकरा ऐवजी एक वाजता सोडा आणि पावसाळा सोडून आठ महिने ती वरच्या साकवापर्यंत आणा, एवढाच. साकवाच्या अलीकडे वळायची जागा बांधकामच्या माणसाने टेप लावून बघितली, बसते. ठरावासोबत वहीच्या नऊ पानांच्या झेरॉक्स लावल्यात. आगारातून पोच मिळालीय, सर्व्हेला कोणीतरी येणार आहे असं कळलंय. काकीने विचारलं, एकची गाडी झाली तर मी घरी किती वाजता? हिशोब करून सांगितलं, अडीच. ती म्हणाली मग गुरांना पाणी माझं मीच पाजीन.